राजे, दरबार आणि कॉन्सर्ट बँड

कॉन्सर्ट बँड म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचा आणि तालवाद्यांचा, सभागृहात बसून वाजवणारा मोठा वृंद. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बसून ही लाकडी घराण्यातली वाद्ये, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा ही पितळी वाद्ये, आणि जोडीला टिंपनी, झांजा, लहानमोठे ढोल. व्हायोलिनचा ताफा नसतो, हीच त्याची सिम्फनी ऑर्केस्ट्राहून वेगळी खूण. या वृंदासाठी लिहिलेल्या संगीताची यादी चाळली तर राजे, राण्या, राज्याभिषेक, दरबार आणि राजवाडे यांची गर्दी दिसते. ही गर्दी नुसत्या हौसेची नाही. ज्या वाद्यांचा हा वृंद बनला, त्यांतली बरीचशी शतकानुशतके राजाच्या पदरी होती. बँडने राजावर संगीत रचणे हे एका अर्थी जुन्या नोकराने धन्याची हकीकत सांगण्यासारखे आहे, आणि जुन्या नोकरांच्या हकीकतींत स्तुती असते तशीच टीकाही असते.

तार-वाद्यांचा आवाज दालनात शोभतो, पण मैदानात विरून जातो. मिरवणूक, स्वारी, युद्ध, राजपुत्राचा जन्म, राजाची अंत्ययात्रा हे सगळे उघड्यावर घडे, आणि तिथे ऐकू जाई ते तुतारी, नगारा आणि सनईच्या जातीची वाद्ये. म्हणून ही वाद्ये सत्तेची निशाणी ठरली आणि त्यांच्यावर सत्तेचा पहाराही बसला. पवित्र रोमन साम्राज्यात ट्रम्पेट आणि नगारे वाजवणाऱ्यांचा स्वतंत्र संघ होता. सम्राट दुसरा फर्डिनंड याने 1623 मध्ये त्याला सनद दिली. कुणी, कुठे आणि कुणासाठी ट्रम्पेट फुंकायचा हे त्यामुळे कायद्याने ठरले. गावातल्या कुणाही वाजंत्र्याला ती मुभा नव्हती. पाश्चात्त्य कान आजही ट्रम्पेटची ललकारी ऐकताच राजा येतो आहे असे समजतो, त्यामागे अशा पहाऱ्याची काही शतके आहेत.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात संगीताचे तीन विभाग होते: प्रार्थनामंदिराचे, दालनाचे आणि पागेचे. फुंकवाद्ये वाजवणारे पागेच्या खात्यात मोडत, कारण त्यांचे काम घोडे आणि स्वारीबरोबर असे. याच वादकांत शॉम या सनईसारख्या जुन्या, कर्कश वाद्याचे रूप बदलत गेले आणि ओबो हे मऊ, दालनातही चालेल असे वाद्य घडले. पागेतून दालनात गेलेले हे वाद्य पुढे युरोपभरच्या पलटणींच्या बँडचा कणा झाले. झां-बातिस्त ल्युली याने राजाच्या पलटणींसाठी मार्च लिहिले आणि दरबारी ग्रंथपाल आंद्रे फिलिदोर याने असे संगीत उतरवून जपले. दरबारी बँडच्या संगीताचा हा लिखित साठ्याच्या रूपाने राहिलेला एक जुना पुरावा.

दुसरा प्रवाह तुर्कस्तानातून आला. उस्मानी सुलतानाच्या जॅनिसरी फौजेबरोबर मेहतर नावाचा ताफा चाले. त्यात मोठे ढोल, नगारे, झांजा, झुर्ना आणि तुताऱ्या असत. या आवाजाची युरोपला आधी धास्ती वाटली आणि मग चटक लागली. अठराव्या शतकात एकेका राजाने आपल्या पलटणीत मोठा ढोल, झांजा आणि त्रिकोण घेतले. आजच्या कॉन्सर्ट बँडच्या मागच्या रांगेत ही वाद्ये दिसतात ती तिथूनच आली. गंमत अशी, की सुलतान दुसरा महमूद याने 1826 मध्ये जॅनिसरी फौज मोडली तेव्हा मेहतरही बंद केला आणि युरोपीय धर्तीचा बँड उभारण्यासाठी 1828 मध्ये ज्युसेप्पे दोनित्सेत्ती याला इटलीहून बोलावले. प्रसिद्ध ऑपेराकार गाएतानो दोनित्सेत्तीचा हा थोरला भाऊ. त्याने सुलतानासाठी लिहिलेला महमुदिये मार्च राजगीतासारखा वाजू लागला. तुर्की ढोल पश्चिमेला गेले आणि पाश्चात्त्य क्लॅरिनेट इस्तंबूलला आले.

व्हिएन्नात सम्राट दुसरा जोसेफ याने 1782 मध्ये आठ वादकांचा राजवृंद नेमला: दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, दोन बसून. जेवणाच्या वेळी आणि बागेत हा वृंद वाजे. त्याची नक्कल इतर सरदारांनी केली आणि मोझार्टसारख्यांना या जुळणीसाठी लिहायला कारण मिळाले. फुंकवाद्यांचा वृंद म्हणजे केवळ गोंगाट नव्हे, हे कानांना पटले ते इथे.

राजा, बँड आणि संगीतकार यांची सगळ्यात बोलकी गोष्ट मात्र लंडनची आहे. ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचे युद्ध 1748 च्या तहाने संपले आणि दुसरा जॉर्ज याने ग्रीन पार्कमध्ये 27 एप्रिल 1749 रोजी आतषबाजीचा सोहळा योजला. संगीत जॉर्ज फ्रेडरिक हँडेलने द्यायचे होते. राजाला फक्त रणवाद्ये हवी होती, व्हायोलिने अजिबात नकोत. हँडेलला ती हवी होती. व्यवस्था पाहणाऱ्या ड्यूक ऑफ माँटॅग्यूच्या पत्रांतून ही ओढाताण दिसते आणि राजासमोर अखेर कुणाचे चालते हेही दिसते. हँडेलने 24 ओबो, 12 बसून, 9 ट्रम्पेट, 9 हॉर्न आणि नगाऱ्यांच्या 3 जोड्या धरून रचना लिहिली. व्हॉक्सहॉलच्या बागेत 21 एप्रिलला झालेल्या तालमीला तिकीट लावूनही बारा हजारांवर लोक लोटल्याचे तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापले, आणि लंडन ब्रिजवर गाड्या तासन्‌तास खोळंबल्या. सोहळ्याच्या दिवशी पाऊस होता. बरीच दारू पेटलीच नाही, आणि जी पेटली तिने मंडपाच्या एका बाजूला आग लावली. मंडप उभारणारा सर्व्हांदोनी संतापून तलवार उपसून धावला आणि पकडला गेला. संगीत तेवढे निभावले. महिन्याभराने फाउंडलिंग हॉस्पिटलच्या मदतीसाठी हँडेलने तीच रचना पुन्हा वाजवली, तेव्हा त्यात व्हायोलिने आली होती.

‘म्युझिक फॉर द रॉयल फायरवर्क्स’ या नावाने ही रचना आज जगभर वाजते, बहुधा व्हायोलिनांसह. मूळ फुंकवाद्यांचा ताफा पुन्हा जमवणे फार अवघड. चार्ल्स मॅकेरस याने 1959 मध्ये, हँडेलच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली तेव्हा, तसे ध्वनिमुद्रण केले. लंडनमधले एवढे ओबोवादक एका वेळी मोकळे मिळावेत म्हणून ते रात्री, नाट्यगृहांचे खेळ आटोपल्यावर करावे लागले. ज्यांनी ते ऐकले आहे त्यांना राजाचा हट्ट अगदीच चुकीचा वाटणार नाही. इतक्या ओबोंचा एकवटलेला आवाज भरड आणि राकट आहे, आणि व्हायोलिने आल्यावर तो राकटपणा गुळगुळीत होतो.

आनंदोत्सवाइतकाच राजाचा मृत्यूही बँडच्या वाट्याला आला. इंग्लंडची राणी दुसरी मेरी डिसेंबर 1694 मध्ये देवीच्या रोगाने वारली. 5 मार्च 1695 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत तिच्या अंत्यविधीसाठी हेन्री पर्सेलने संगीत दिले. त्यातला मार्च चार सरकत्या नळ्यांच्या ट्रम्पेटांसाठी आहे. साध्या ट्रम्पेटला तेव्हा मोजकेच स्वर येत. नळी सरकवता आल्याने दुःखी, कोमल स्वरही काढता आले. विजयाचे वाद्य शोकाला कसे वळवता येते याचा हा धडा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्सेलही गेला. जवळजवळ तीनशे वर्षांनी, 1992 मध्ये, अमेरिकन संगीतकार स्टीव्हन स्टकी याने लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसाठी हे संगीत फुंकवाद्ये आणि तालवाद्ये यांवर नव्याने मांडले. पर्सेलचे सूर जवळजवळ जसेच्या तसे येतात, मग मध्येच धुरकट होतात, एकमेकांवर सरकतात, दूर गेल्यासारखे होतात. जुन्या राजवटीचे स्मरण म्हणजे तिची नक्कल असावी असे नाही, हे बँडच्या श्रोत्यांना या रचनेने जितके नीट दाखवले तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या रचनेने दाखवले असेल.

एकोणिसाव्या शतकात वाद्येच बदलली. झडपा असलेली पितळी वाद्ये आली, पुढे आडोल्फ साक्सचे सॅक्सोफोन आले, आणि बँडला पूर्ण सप्तक अंगवळणी पडले. प्रशियात विल्हेल्म वीप्रेख्ट याने पलटणींच्या बँडांना एक ठरीव रूप दिले. 1838 मध्ये रशियाचा झार बर्लिनला आला तेव्हा वीप्रेख्टने हजारावर वादक एका वेळी वाजवून दाखवले. प्रशियाच्या राजघराण्यातल्या विवाहांत मशालींचे नृत्य करण्याची चाल होती, आणि तिच्यासाठी जाकोमो मायरबेअरने लिहिलेल्या नृत्यांचे साज पितळी वाद्यांचे होते.

बव्हेरियाचा दुसरा लुडविग वयाच्या अठराव्या वर्षी गादीवर आला आणि त्याने कर्जात बुडालेल्या रिशार्ड वाग्नरला हात दिला. वाग्नरने त्याची उतराई म्हणून 1864 मध्ये ‘हुल्डिगुंग्समार्श’, म्हणजे मानवंदनेचा मार्च, फौजी बँडसाठी लिहिला. भाटगिरीची ही रचना सुरू मात्र होते मृदू, जवळजवळ खाजगी स्वरात, आणि मग चढत जाते. पॅरिसची गोष्ट अधिक तिरपागडी. 1830 च्या जुलै क्रांतीत पडलेल्यांचे अवशेष दहा वर्षांनी बास्तीयच्या चौकातल्या नव्या स्तंभाखाली नेण्यात आले. त्या मिरवणुकीसाठी हेक्टर बर्लिओझकडून संगीत मागवले ते त्या क्रांतीने गादीवर बसवलेल्या लुई-फिलिप राजाच्या सरकारने. म्हणजे एका राजाला घालवणाऱ्या बंडाचा गौरव दुसऱ्या राजाच्या पैशाने झाला. जवळपास दोनशे वादकांच्या बँडसमोर बर्लिओझ तलवारीने ताल देत चालला होता. रस्त्याच्या गोंगाटात फारसे कुणाला काही ऐकू आले नाही, तरी ‘ग्रांद सॅम्फनी फ्युनेब्र ए त्रियोंफाल’ ही बँडसाठी लिहिलेली पहिली खरी भव्य सिम्फनी आहे. तिच्या मधल्या भागात ट्रॉम्बोन एकटा शोकभाषण करतो.

ब्रिटनमध्ये राजा आणि बँड यांचे नाते खात्याच्या कारभारासारखे पक्के झाले. क्रिमियन युद्धाच्या काळात, 1854 मध्ये, स्कुटारीच्या छावणीत राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाचे संचलन झाले. तिथे जमलेल्या बँडांनी राजगीत वेगवेगळ्या पट्टीत आणि वेगवेगळ्या साजात एकदमच वाजवले, आणि परकीय सेनापतींपुढे शोभा झाली, असे सांगतात. तीन वर्षांनी नेलर हॉल येथे फौजी संगीताची शाळा निघाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज संगीतकार बँडसाठी गंभीरपणे लिहू लागले त्यामागे या शाळेचे वादक होते.

त्या पिढीत गॉर्डन जेकबचे नाव राजेशाही विषयाच्या संदर्भात आधी घ्यावे लागते. विल्यम बर्डच्या तीनशेव्या पुण्यतिथीच्या सुमारास, 1923 मध्ये, त्याने ‘विल्यम बर्ड सूट’ रचला. पहिल्या एलिझाबेथच्या प्रार्थनामंदिरातला बर्ड कॅथलिक होता. ज्या राज्यात कॅथलिकांवर बंधने होती तिथे राणीच्या मर्जीने टिकून होता. त्याच्या आणि थॉमस टॅलिसच्या नावे 1575 मध्ये संगीत छापण्याचा मक्ता राणीनेच दिला होता. जेकबने निवडलेले तुकडे मुळात व्हर्जिनल नावाच्या लहानशा, कुजबुजणाऱ्या घरगुती वाद्यासाठी होते. ‘अर्ल ऑफ ऑक्सफर्ड्स मार्च’ त्याने हलक्या चालीने सुरू करून पूर्ण बँडच्या आवाजापर्यंत नेला, आणि शेवटच्या ‘द बेल्स’मध्ये दोनच स्वरांच्या टोल्यावर केवढा तरी डोलारा उभा केला. बँडच्या जगात एलिझाबेथकाळ म्हणजे काय ऐकायचे, हे पुढच्या पन्नास वर्षांसाठी या सूटने बरेचसे ठरवून टाकले.

विल्यम वॉल्टनचा ‘क्राउन इम्पीरियल’ 1937 चा. राज्याभिषेकाची 12 मे ही तारीख आठव्या एडवर्डसाठी ठरली होती. त्याने डिसेंबर 1936 मध्ये गादी सोडली आणि त्याच तारखेला त्याच्या भावाचा, सहाव्या जॉर्जचा, अभिषेक झाला. राजा बदलला तरी समारंभ ठरल्या दिवशी झाला. मार्च ऑर्केस्ट्रासाठी होता, पण डब्ल्यू. जे. डुथॉइटने केलेल्या फौजी बँडच्या रूपांतराने तो जगभर पोचला आणि बँडच्या श्रोत्यांना बहुधा तोच मूळ वाटतो. एल्गारच्या ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ मार्चांचा साचा वॉल्टनने उघडउघड घेतला आहे: चपळ, ताणलेला आरंभ, मग रुंद गाण्यासारखा मधला भाग, आणि शेवटी तेच गाणे सगळ्या वाद्यांवर. त्यात दडलेला जाझचा झटका मात्र वॉल्टनचा स्वतःचा. दुसऱ्या एलिझाबेथच्या 1953 च्या अभिषेकासाठी त्याने ‘ऑर्ब अँड सेप्टर’ लिहिला, तो याच्या जोडीला बसला नाही. त्याच निमित्ताने बेंजामिन ब्रिटनने ‘ग्लोरियाना’ हा ऑपेरा दिला. नव्या राणीपुढे पहिल्या एलिझाबेथचे म्हातारपण आणि एकाकीपण मांडल्याने पहिल्या रात्रीचे मानकरी थंड बसले. त्यातली दरबारी नृत्ये पुढे बँडच्या कार्यक्रमांत रुळली, आणि राणीचे दुःख ऑपेरातच राहिले.

अमेरिकेत राजा नव्हता, म्हणून राजा हा तिथे विषय झाला. जॉन फिलिप सूझाला ‘मार्च किंग’ ही पदवी मिळाली ती एका ब्रिटिश नियतकालिकाकडून. 1901 मध्ये सातव्या एडवर्डपुढे सँड्रिंगहॅमला वाजवल्यावर त्याने ‘इम्पीरियल एडवर्ड’ मार्च त्या राजाला अर्पण केला. तो त्याच्या उत्तम मार्चांपैकी नव्हे. पुढे अमेरिकन विद्यापीठांचे आणि शाळांचे बँड हेच या संगीताचे खरे आश्रयदाते झाले, आणि रचना मागवण्याचे राजाचे काम महाविद्यालयांकडे आले. ओहायोतल्या बाल्डविन-वॉलेस महाविद्यालयासाठी नॉर्मन देल्लो जोइओने 1966 मध्ये ‘सीन्स फ्रॉम द लूव्र’ बँडसाठी सिद्ध केला. मूळ संगीत एनबीसी वाहिनीच्या लूव्रवरच्या माहितीपटाचे होते आणि त्याला एमी पुरस्कार मिळाला होता. पाच भागांपैकी तिसरा ‘द किंग्ज ऑफ फ्रान्स’. त्यात ल्युलीच्या सुरांचा आधार आहे, म्हणजे पागेतल्या वादकांसाठी लिहिणाराच ल्युली तीन शतकांनी पुन्हा फुंकवाद्यांकडे आला. लूव्र ज्याने सोडून व्हर्सायला दरबार हलवला त्याच लुईचा हा संगीतकार, हे इतिहासाच्या जाणकाराला खटकेल; रचनेला त्याचा उपसर्ग होत नाही.

याच वाटेने इतरही गेले. बॉब मार्गोलिसने ‘टर्प्सिकोरी’त मिखाएल प्रेटोरियसचा 1612 चा नृत्यसंग्रह घेतला, त्या चाली फ्रेंच दरबारी नृत्यशिक्षकांच्या होत्या. मार्गोलिसने आधुनिक बँडकडून जुन्या वाद्यांचे नाकातले, खरबरीत रंग काढून घेतले आहेत. फिशर टल याने ‘स्केचेस ऑन अ ट्यूडर साम’मध्ये टॅलिसची 1567 ची एक प्रार्थनाचाल घेऊन तिला विसाव्या शतकाच्या खडखडाटात सोडले. जपान आणि बेल्जियम हे या संगीताचे आजचे मोठे बाजार आहेत, आणि त्यांनी युरोपबाहेरचे राजे आणले. बर्ट आपरमाँट याने उरुकचा राजा गिल्गमेश याच्यावर पूर्ण सिम्फनी लिहिली. सातोशी यागिसावा याची ‘माचू पिच्चू’ इंका साम्राज्याचे वैभव, स्पॅनिशांनी केलेला विध्वंस आणि डोंगरात लपलेले नगर अशी कथा सांगते. जपानी स्पर्धांत सगळ्यांत लाडकी राणी मात्र शेबाची: ओत्तोरिनो रेस्पीगी याचा 1932 चा ‘बेल्किस’ हा बॅले मिलानमध्ये गाजून विसरला गेला होता, त्याला जपानच्या शाळकरी बँडांनी दुसरा जन्म दिला.

हे सगळे ऐकल्यावर बँड राजा कसा घडवतो याची ठरीव साधने कळतात. आरंभी ट्रम्पेटची ललकारी, चौथ्या-पाचव्या स्वरांच्या उड्यांची. मग ठसक्याने थांबत चालणारी, एक लांब एक आखूड अशी लय. ही फ्रेंच दरबारी प्रवेशसंगीताची देणगी. जुनेपणा सुचवायला नेहमीच्या सप्तकाऐवजी डोरियनसारखे जुने स्वरमेळ, खाली न हलणारा षड्‌ज, वर डफाचा ठेका. युद्धासाठी तालवाद्ये, मृत्यूसाठी हॉर्नांचे स्तोत्र, आणि शेवटी पहिली ललकारी दुप्पट संथ करून. शाळांसाठी दरवर्षी निघणाऱ्या रचनांत याच साधनांची रास असते आणि त्यांवर एखाद्या राजाचे नाव डकवलेले असते. नाव बदलून आर्थरच्या जागी रामसेस घातला तरी सुरांत काही बदलावे लागत नाही. विद्यार्थ्यांना तालमीला त्या उपयोगी आहेत. इतिहास त्यांत शोधू नये. ज्या रचना टिकल्या त्यांच्या मुळाशी बहुधा काहीतरी खरे सापडते: एखादी अस्सल जुनी चाल, एखादा अस्सल प्रसंग, किंवा राजाविषयी रचनाकाराच्या मनातली शंका.

मराठी वाचकाला या इतिहासात एक घरचा धागा आहे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे यांनी 1798 ते 1832 या आपल्या कारकिर्दीत दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला. पाश्चात्त्य स्वरलिपीतले त्या दरबाराचे संगीत सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. दक्षिणेतला एक मराठी राजा कर्नाटक संगीत, मराठी रचना आणि बँड हे तिन्ही एका छपराखाली नांदवत होता, त्याच काळात इस्तंबूलचा सुलतानही तसाच खटाटोप करत होता. पाचव्या जॉर्जचा डिसेंबर 1911 चा दिल्ली दरबार हा दुसरा धागा. त्याच प्रवासात राजा मुंबईत उतरला त्या जागी आज गेटवे ऑफ इंडिया आहे. या दरबारावरून एल्गारने 1912 मध्ये लंडनच्या नाट्यगृहासाठी ‘द क्राउन ऑफ इंडिया’ रचला आणि त्यात मुघल बादशहांचा मार्च घातला. ढोल-झांजांनी तो दणदणीत आहे, भारतीय मात्र मुळीच नाही.

राजा गेल्यावर बँडचे काय होते, याचे सगळ्यात स्पष्ट उत्तर हवाईत मिळते. तिसरा कामेहामेहा राजा याने 1836 मध्ये होनोलुलूत राजबँड स्थापला. प्रशियाहून 1872 मध्ये आलेल्या हेन्री बर्गरने त्याला आकार दिला आणि कालाकाउआ राजाने लिहिलेल्या ‘हवाई पोनोई’ या राजगीताला चाल दिली. राणी लिलिउओकलानी स्वतः गीतकार होती. तिचे ‘अलोहा ओए’ जगभर पोचले. जानेवारी 1893 मध्ये तिची सत्ता उलथवली गेली. नव्या सरकारने निष्ठेची शपथ मागितली तेव्हा बँडमधल्या हवाईयन वादकांनी सही नाकारून नोकरी सोडली, आणि त्यांच्या या नकारातून ‘काउलाना ना पुआ’ हे निषेधगीत जन्मले. बर्गर मात्र राहिला, नवे वादक घेऊन बँड चालवत राहिला, 1915 पर्यंत. रॉयल हवाईयन बँड आज होनोलुलू शहराच्या खर्चाने चालतो आणि इओलानी राजवाड्याच्या हिरवळीवर त्याचे विनामूल्य कार्यक्रम होतात.